तिसऱ्या खुर्चीतली घाई

व्हायोलिन वाजवणाऱ्या ताईंना स्टुडिओतून बऱ्याच महिन्यांनी फोन आला. नवा संगीतकार म्हणाला, "कॉम्प्युटरमधली व्हायोलिनं ऐकून कान विटलेत. खराखुरा ताफा हवाय."

ताईंनी त्याच दिवशी नव्या तारा चढवल्या. जुन्या मैत्रिणी भेटणार म्हणून ठेवणीतले कपडे काढले. नवरा गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. मुलगा परदेशात, त्याचा फोन यायचा, पण घाईतला.

स्टुडिओत खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. माणूस एकही नव्हता.

"बाकीच्या यायच्यात का?" ताईंनी रेकॉर्डिस्टला विचारलं.

"कुणी नाही, तुम्हीच. एकेका खुर्चीवर बसून तेच वाजवायचं. मी सगळं एकावर एक चढवतो. थेट ताफाच वाटतो."

"असं होय," म्हणून ताई बसल्या.

याच हॉलमध्ये पूर्वी एकीचा गज दुसरीच्या कोपराला लागायचा. टेक चुकला की सगळ्या साळसूद चेहरे करून नोटेशनच्या कागदात डोकं घालायच्या. मग काम आटत गेलं. कुणी मुलाकडे गेली, कुणी शिकवण्या धरल्या, एक तर देवाघरीच गेली.

हेडफोनमध्ये ठेक्याची टकटक सुरू झाली. पहिल्या खुर्चीवर ताई आपल्या पद्धतीने वाजवून गेल्या. दुसरीवर गज आपसूक हलका पडला. तिथे बसणारी कायम अंग चोरून वाजवायची. तिसरी खुर्ची गडबडीणीची. ती ठेक्याच्या केसभर आधी सुरात शिरायची, म्हणून हे नाव.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, किंचित पुढे जाताय."

"माहितीय. ही अशीच वाजवायची."

"ही कोण?"

ताईंनी सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. मग मान खाजवत म्हणाला, "मला आवडलं असतं ठेवायला. पण संगीतकार मला फाडून खातील."

"घ्या परत," ताई म्हणाल्या आणि टकटकीला धरून वाजवलं. पुढच्या सगळ्या खुर्च्यांवर त्यांनी एकसारखंच वाजवलं. काम लवकर आटपलं.

संध्याकाळी त्यांनी गडबडीणीला फोन लावला. ती आता लेकीकडे राहते.

"थांब गं, कानाला मशीन लावते," ती म्हणाली. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. "हं, बोल."

"आज तुझ्या खुर्चीत बसले होते."

"मग पुढे गेलीस की नाही?"

"गेले. परत वाजवायला लावलं."

गडबडीण इतकी हसली की तिला ठसका लागला. तेवढ्यात लेकीने जेवायला हाक मारली. "करते गं नंतर," म्हणत तिने फोन ठेवला. नंतर काही तिचा फोन आला नाही. ताईंनीही केला नाही. जेवणाच्या नाहीतर झोपेच्या वेळेत आपली कटकट नको, असं त्यांना वाटत राहिलं.

काही आठवड्यांनी औषधांच्या दुकानात रेडिओवर ते गाणं लागलं. ढोलांच्या दणदणाटाखाली व्हायोलिनं कुठेतरी दूर होती. ताई कान देऊन उभ्या राहिल्या.

"आणखी काही हवंय?" दुकानदाराने पिशवी पुढे करत विचारलं.

"नाही. जरा थांबते."

गाणं संपेपर्यंत त्या काउंटरपाशी थांबल्या. मग पिशवी उचलून घरी निघाल्या.