पेन्सिलीवरचा अंबाडा

माझ्या मावशीचं इस्त्रीचं दुकान आहे आणि रबरबँडशी तिचं जुनं वैर आहे. एकदा तिच्या केसांतलं रबर तट्कन तुटून गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर पडलं आणि वरून तापलेली इस्त्री फिरली. शर्टाच्या पाठीवर काळं वेटोळं! ते साहेब नाकातून बोलायचे, "बांई, आतां मीं ऑफिसात पांठ कोणाकडे करूं?" हा आवाज मला हुबेहूब काढता येतो, पण मावशीसमोर काढायची सोय नाही.

त्या दिवसापासून रबर हद्दपार. कमरेखाली येणारे ते दाट केस ती चिठ्ठ्यांवर नंबर टाकायच्या पेन्सिलीवर अडकवायची. केसांना पीळ द्यायचा, पेन्सिलीभोवती वेढा घालायचा, टोक उलटं फिरवून आत खुपसायचं. झाला अंबाडा. नंबर लिहायला पेन्सिल उपसली की केस भसकन पाठीवर. लिहून झालं की पुन्हा वर.

मग खांदा आखडला. वीस वर्षं इस्त्री ढकलून उजवा हात मानेच्या वर जाईना. तेव्हापासून अंबाडा ताईच्या हाती गेला. ताई म्हणजे मावशीची एकुलती एक लेक. रोज सकाळी आईला स्टुलावर बसवायची आणि हातापेक्षा तोंड जास्त चालवायची.

"मान सरळ. सरळ म्हणजे सरळ गं आई! वर काय बघतेस, पाल आहे का तिथं?"

"हळू ओढ बाई. डोकं आहे ते माझं, गोणपाट नाही."

दोन मिनिटांचं काम, पण वीस मिनिटं चालायचं.

मग ताईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी केस मोकळे सोडून इस्त्रीपाशी उभी होती. वाफेनं बटा मानेला चिकटलेल्या.

"कापून टाक की," माझी आई म्हणाली.

"रविवारी कापते," मावशी म्हणाली, पण केसांचं टोक काही मुठीतून सोडेना. "ती आली की मग काय, बोडक्या डोक्याशी भांडेल?"

मला राहवलं नाही. मी तिला स्टुलावर बसवलं, पेन्सिल घेतली आणि ताईचा आवाज लावला, "मान सरळ! पाल आहे का तिथं?"

मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. मान मात्र ताठ झाली. म्हणाली, "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मात्र म्हणवेना.

माझा अंबाडा दुपारपर्यंतही टिकला नाही. शनिवारी ओला टॉवेल पिळता पिळता मावशी एकदम थांबली. तिनं मान डावीकडे कलती केली, सगळे केस खांद्यावरून पुढं घेतले आणि टॉवेलसारखेच छातीपाशी पिळले. उजवा कोपर अंगाला चिकटलेलाच. डाव्या हातानं पीळ गुंडाळत कानाखाली नेला आणि पेन्सिल खुपसली. अंबाडा जरा तिरका, पण पक्का!

"आता कशाला कापायचे?" मी ओरडले.

"हं," एवढंच म्हणून तिनं पुढचा शर्ट ओढला. मग रोज कानाखाली अंबाडा. फोनवर ताईला मात्र अवाक्षर नाही.

पाच महिन्यांनी ताई दोन दिवसांच्या सुट्टीवर आली. सकाळी मी दुकानात डोकावले, तर मावशी स्टुलावर बसलेली, केस मोकळे, पेन्सिल मांडीवर.

"हात जातच नाही गं वर," ती लेकीला सांगत होती. माझी नि तिची नजरानजर झाली. तिनं असे डोळे वटारले की मी दाराशीच गप्प.

"मग इतके दिवस कोण घालत होतं?" ताईनं विचारलं.

"कोण घालणार? राहायचे तसेच."

"मान सरळ! अगं सरळ म्हणजे सरळ... खाली काय शोधतेस, बटण पडलंय का?"

हे बटण नवीन होतं. मी लगेच पाठ करून टाकलं.

ताईनं पेन्सिल खुपसली. अंबाडा दगडासारखा घट्ट बसला होता. मावशीनं मान हलवून पाहिली, डाव्या हातानं पेन्सिल उपसली आणि मागं धरली.

"सैल वाटतोय गं. पुन्हा घाल."