मायने घेतलेलं एक नाव

माझ्या मायने आयुष्यात एकच पाप केलं, असं ती शेवटपर्यंत म्हणायची.

आज सकाळी माय गेली. म्हणून ते पाप सगळ्यांना सांगून टाकते.

अडुसष्ट साल. तापीचा पूर सुरतेतल्या आमच्या खोलीत शिरला. भांडी सापडली, गोधड्या वाळल्या. आजोबांची वही मात्र गेली.

तिच्यात आमच्या कुळाच्या सात पिढ्या होत्या. भाटाला विचारून, गावोगावच्या म्हाताऱ्यांचं डोकं खाऊन आजोबांनी लिहिलेल्या. जाताना ती वही त्यांनी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातात दिली होती. आता पानापानावर नुसता शाईचा चिखल.

आबा कापडाच्या लूमवर डबल ड्यूटी करणारे दणकट गडी. वही मांडीवर घेऊन रडले.

"आते बापले काय तोंड दखाडू?"

मायला सही येत नव्हती, पण नाती तोंडपाठ. म्हणाली, मी सांगते, पोरीला लिहायला बसवा. मी चौथीत होते, अक्षर बरं होतं.

आणि तिथेच घोळ झाला. सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांची नावं सुनेने घ्यायची नाहीत. आमच्या खानदेशी घरांत तेव्हा ही काळ्या दगडावरची रेघ. मायला सगळी नावं माहीत, आणि एकही उच्चारता येत नाही.

मग तिने बायकांकडून वाट काढली. शिरपूरच्या ठगूबाईचा नवरा, एवढं ती म्हणायची. लगेच आबांना आठवायचं, अरे हो, सुपडू! मी दोघांची नावं लिहायची.

आबांच्या तीन सुट्ट्या यात गेल्या. आजोबांच्या वहीत एकही बाई नव्हती. माझ्या वहीत सगळ्या आल्या. आबा आधी कुरकुरले, नंतर स्वतःच सांगायला लागले, "हिचं माहेर पण लिही."

एका जागी मात्र अडलो.

आजोबांचा थोरला भाऊ. सात वर्षांचा असताना देवीच्या साथीत गेला. त्याला कुठली बायको? आबांना नाव काही आठवेना. गावातही सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

मायला माहीत होतं. नवी नवरी असताना ती आजेसासूचे पाय दाबायची. तेव्हा म्हातारी आपल्या त्या लेकराचं नाव घेऊन बोलत बसायची.

पण नात्याने ते पोर मायचा चुलतसासरा लागत होतं.

दोन दिवस माय ते नाव घ्यायला धजली नाही. आबांनी जबरदस्ती केली नाही. म्हणाले, राहू दे, जागा कोरी सोडू.

तिसऱ्या दिवशी तिने डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मी नई लिधं ते त्यानं नाव कोन लेई?"

मग म्हणाली, "तोताराम."

आबांनी माझ्या हातून पेन घेतलं आणि ते नाव स्वतः लिहिलं, वाकड्यातिकड्या अक्षरात.

मायने चूळ भरली. दिवसभर जेवली नाही.

मला तेव्हा खूप हसू आलं होतं. सात वर्षांच्या पोरासाठी एवढा पदर, एवढा उपास! आज ते आठवून सकाळपासून रडतेय.

कारण त्या पोराचं या जगात काहीही उरलं नव्हतं. फक्त माझ्या मायच्या तोंडात एक नाव होतं.

सुखाने जा, माय.

तिकडे तोताराम भेटेल. सात वर्षांचाच असेल अजून.

त्याच्यापुढे पदर घेऊ नकोस. जवळ घे त्याला.