दोन बरण्यांतले जंत

पद्मजा राऊळ परळच्या एका प्रयोगशाळेत लागली आणि वर्षभरातच गिरण्यांचा संप सुरू झाला. तिचा नवरा गंगाधर गिरणीच्या साचेखात्यात कारकून. दिवाळी गेली, शिमगा गेला, भोंगा काही वाजेना. शेवटी तो म्हणाला, "मी गावाक जातंय. बाग बघूक कोण तरी व्हया. तू येतंस?"

"नोकरी सोडून?"

"उंदरांची आतडी चिवडूची, ह्येका नोकरी म्हणतत?"

बोलून तो ओशाळला. पण गेलाच. मूलबाळ नव्हतं. भोईवाड्याच्या खोलीत पद्मजा एकटी उरली. गणपतीला चार दिवस गावी जायची, तेवढंच.

पालिकेची माणसं मेलेले उंदीर आणून देत. पद्मजा आतडं उभं चिरून जंत सोडवी, लाल रंगात बुडवून काचपट्टीवर ठेवी आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावी. वडाळ्याच्या धान्यगोदामांतल्या उंदरांत चपटे जंत पुष्कळ, पण आखूड. बंद गिरणीतल्या उंदरांत एखादाच, तोही हातभर लांब. जाती दोन आहेत, अशी तिची खात्री झाली. स्पिरिटच्या दोन बरण्या तिने वेगळ्या ठेवल्या. लांबडी जात नवी निघाली, तर तिला गंगाधरच्या गावाचं नाव द्यायचं, हेही मनात ठरलेलं. बोललीच नाही कुणाशी. बोलणार कुणाशी?

केस पिकले तेव्हा माधव नावाचा तरुण शास्त्रज्ञ आला. त्याने दोन्ही बरण्यांतले तुकडे जनुकीय तपासणीला घेतले. निकाल आल्यावर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला.

"बाई, जात एकच आहे."

"लांबी बघितलीस का?"

"एका आतड्यात दाटी झाली की ते खुरटतात. एकटा असला की हवं तेवढं खातो, वाढतो."

पद्मजाने काचपट्ट्या पुन्हा काढल्या. डोकं, अंडी, पेरांची आतली मांडणी, सगळं एक. इतकी वर्षं आपण फक्त लांबीच बघत आलो, हे तिला कळून चुकलं. तिने दोन्ही बरण्या एकत्र केल्या.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बूथवरून तिने गावी फोन लावला. सगळं सांगितलं, ठरवलेल्या नावासकट.

"आमच्या गावाचा नाव? जंताक?" गंगाधर हसला. मग म्हणाला, "जेवलंस?"

"जेवेन आता."

निवृत्त झाल्यावर ती कायमची म्हणून गावी गेली. गंगाधरने अंगणात खुर्ची मांडली, माडाचं पाणी दिलं. पण तो पहाटेच बागेत जाई, जेवताना बोलायची त्याची सवय मोडलेली. तिलाही कुणी भांड्याला हात लावला की खपेना. दोघंही चांगलं वागत होती, पाहुण्यांसारखं.

महिन्याभराने ती म्हणाली, "मी निघते."

"एस्टीपर्यंत येतंय," तो म्हणाला. आणि तिची पिशवी उचलून पुढे चालू लागला.