शकूचे ओठ वेळेवर हलावेत म्हणून

एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायला किती वेळ लागावा? रेखा म्हणते, अर्धा तास. मला साडेचार महिने लागले! शिरूरला तिच्या रिपेअरिंगच्या दुकानात आता रोज कुणीतरी त्यातला एखादा किस्सा सांगतं, आणि दर खेपेला त्यात मी थोडा अधिक बावळट होतो. म्हणून म्हटलं, मूळ बावळटपणा आपणच लिहून ठेवावा.

मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. पण घराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो आणि तरीही कोपऱ्यावरून परत येतो. असा माणूस प्रोसेसर काय निवडणार?

पण निवडणं भाग होतं. माझी बायको मालती हिला गेली काही वर्षं ऐकू येत नाही. कानाचं मशीन लावलं तर नुसता गोंगाट. ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते. तिची धाकटी बहीण शकू दौंडला असते, दिवाळीपासून अंथरुणावर. आणि कमरेच्या ऑपरेशननंतर मालतीला दौंडपर्यंत गाडीत बसवत नाही. उरला व्हिडिओ कॉल. मोबाइलवर ओठ फार बारीक दिसतात, म्हणून कॉम्प्युटरचा मोठा स्क्रीन. आणि आमचा कॉम्प्युटर तेरा वर्षांचा! शकूचं तोंड एकदा उघडलं की उघडंच राहायचं.

“नवाच घेऊन टाकू का?” मी विचारलं.

मालती म्हणाली, “तो निवडायला तुम्हाला दोन वर्षं लागतील. शकूकडे आहेत का दोन वर्षं?”

* * *

पहिल्या दिवशी मी रेखाकडे वही घेऊन गेलो. रेखा कारेगावची. रांजणगावच्या एका कारखान्यात नऊ वर्षं लाइनवर होती, मग तिने हे दुकान टाकलं. मी तिला चौदा प्रश्न वाचून दाखवले. कोअर किती, वॅट किती, जुन्या मदरबोर्डवर कुठला बसेल, बसला तर तापेल का, तापला तर काय.

तिने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“सर, पत्रिका लई भारी हाय. पन नवरदेव कुठाय?”

कॉम्प्युटर मी घरीच ठेवून आलो होतो!

* * *

दुकानात बाकावर आप्पा बसलेले असतात. निमोण्याचे, झेंडू आणि शेवंती लावतात. फुलांचा टेम्पो रिकामा झाला की घरी जायच्या आधी अर्धा तास इथे. एकदा मी रेखाला समजावत होतो, की नुसता वेगवान प्रोसेसर घालून भागणार नाही, कारण मेमरी कमी पडली तर सगळं तिथेच अडेल. दोन आठवडे वाचन करून मी या निष्कर्षाला आलो होतो.

आप्पांनी तंबाखू चोळता चोळता विचारलं, “म्हंजी हिरीवर धाची मोटर बसवली आन् पाइप दोन इंचीच ठिवला, तसं?”

मी वहीत बघितलं. सात पानं भरली होती.

“हो,” मी म्हणालो. “तसंच.”

“मग पाइपबी बदला की! त्यात लिवायचं काय?”

रेखाने त्याच दिवशी कॉम्प्युटर आणायला लावून त्यात जादा मेमरी बसवून दिली. प्रोसेसरचा निर्णय मी पुढच्या आठवड्यावर ढकलला.

* * *

तो आठवडा फार महागात पडला.

दुपारचा कॉल लागला होता. शकूचं चित्र गोठलेलं, तोंड अर्धवट उघडं. मालती खुर्ची पुढे ओढून बघत राहिली. बहिणीला वाईट वाटू नये म्हणून ती अशा वेळी हसून मान हलवत राहते. मी बाजूच्या खोलीत वॅटची तुलना करत होतो, तिथून शकूचा आवाज ऐकू आला, “ताई, माझा कंटाळा आलाय का गं तुला?”

मी धावत आलो. मालती गोठलेल्या चित्राकडे बघून प्रेमाने मान हलवत होती. हो, हो, हो.

शकूने फोन ठेवला. मी लगेच फोन करून तिला सगळं समजावलं. ती म्हणाली, “असू दे दाजी. खरं असेल ते असेल.” त्यानंतर चार दिवस तिने कॉल घेतला नाही. मालतीला मी झालं ते सांगितलं. तिने माझी वही बंद करून कपाटात ठेवली.

* * *

रेखाने माझ्यासाठी दोन जुने प्रोसेसर बाजूला ठेवले होते. एक दोन कोअरचा, कमी तापणारा. दुसरा चार कोअरचा, जास्त तापणारा. मी ‘उद्या सांगतो’ म्हणालो.

“सर, तुमच्या उद्याची तारीख काय असती?” रेखाने विचारलं. “असं करा, काकूंनाच घेऊन या.”

मालती रिक्षातून आली, काठी टेकत आत आली. रेखाने तिच्या समोर बसून, तोंड नीट दिसेल असं धरून, दोन्ही चिप दाखवल्या.

मालतीने एकच प्रश्न विचारला. “यातल्या कुठल्याने शकूचे ओठ वेळेवर हलतील?”

रेखाने चार कोअरच्या चिपवर बोट ठेवलं.

“मग हाच.”

“अगं पण मालती, तो पंचाण्णव वॅटचा...”

तिने मान वळवून रस्त्याकडे बघायला सुरुवात केली. आमच्या घरात वाद असाच संपतो. ओठ दिसत नाहीत, म्हणजे मी बोललोच नाही!

आप्पा म्हणाले, “सर, ही सोय आमच्या घरी कवा हुईल वो?”

* * *

बसवायच्या दिवशी नवीनच प्रकार बघितला. कारखान्यात रेखाला एक सवय लागली आहे: प्रत्येक पायरीला त्या जागेवर बोट रोखायचं आणि मोठ्याने बोलायचं. “वायर काढली, ओके! कोपऱ्याची खूण जुळली, ओके!” आप्पांना ते इतकं आवडलं की तेही उभे राहून बोट रोखून ओरडायला लागले. “धूळ पुसली, वक्के!” मग मीही ओरडलो. तीनदा कुलूप ओढणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा आपली माणसं भेटली होती!

चिप पकडून धरणारा लिव्हर दाबताना करकर आवाज झाला. मी डोळे मिटले.

“सर, उघडा,” रेखा म्हणाली. “बसला.”

* * *

आप्पांनी कॉम्प्युटर टेम्पोतून घरी पोचवला. वायरी मी स्वतः जोडल्या आणि मालतीने कॉल लावला. चार दिवस रुसलेली शकू पाचव्या दिवशी स्क्रीनवर आली. उशीला टेकलेली, वाळून गेलेली. तिने तोंड उघडलं. आणि मिटलं! पुन्हा उघडलं. कुठेही अडकलं नाही.

पण आवाज येत नव्हता.

व्हॉल्यूम वाढवला. काही नाही. स्पीकरचं बटण चार वेळा दाबलं. काही नाही. मी बाहेर जाऊन रेखाला फोन लावला. “रेखा, वाटोळं झालं. त्या पंचाण्णव वॅटने साउंड जळला.”

“सर, स्पीकरची वायर मागं लावली का?”

मी आत येऊन टेबलाखाली शिरलो. हिरवी पिन जमिनीवर पडलेली होती. ती हातात घेऊन गुडघ्यांवरच होतो, तेवढ्यात वरून मालतीचं हसणं ऐकू आलं. इतकं मोकळं, की मी तसाच थांबलो. मग ती म्हणाली, “नाही गं वेडे, कधीच नाही.” मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा हसणं.

मी टेबलाची कड धरून उठलो. स्क्रीनवर शकू पदराने डोळे पुसत काहीतरी भराभर सांगत होती. मला त्यातलं एक अक्षर कळेना. मी मालतीच्या समोर जाऊन, ओठ दिसतील असं विचारलं, “काय म्हणतेय ती?” आणि वायर उंच धरून दाखवली. “एक मिनिट थांब, आत्ता लावतो.”

मालतीने मला हाताने बाजूला सारलं.

“राहू द्या ती वायर,” ती म्हणाली. “आम्ही बोलतोय.”