बरोबरसाहेबांचा कोट

मंडईत कांताबाईंच्या गाळ्यावर बरोबरसाहेब भाजी घ्यायला उभे राहिले की मागची माणसं खोळंबायची. "अर्धा किलो गवार, कोवळी," एवढं बोलून साहेब गप्प व्हायचे. कांताबाईंनी गवार तोलून पुढे केली तरी पिशवी उघडायचे नाहीत. आधी कांताबाईंनी "अर्धा किलो गवार, कोवळी" असं म्हणून दाखवायचं, मग साहेब "बरोबर" म्हणणार, आणि मग पिशवीचं तोंड उघडणार. एकदा कांताबाई वैतागून म्हणाल्या, "अर्धा किलो गवार, कोवळी, आणि माझं डोकं फिरलेलं." साहेबांनी शांतपणे मान हलवली आणि "बरोबर" म्हणून पिशवी उघडली.

साहेबांना जाऊन आता वर्ष होत आलं. कांताबाई अजूनही गिऱ्हाइकाला त्याची मागणी म्हणून दाखवतात. नवीन माणसं चमकून बघतात. "खोड लावून गेले, काय करू," असं त्या मला परवा म्हणाल्या आणि माझ्या पिशवीत न मागता कोथिंबीर टाकली.

साहेबांना ही खोड अणुवीज केंद्रात लागली होती. तिथल्या कंट्रोल रूममध्ये एकाने सूचना दिली की दुसऱ्याने ती जशीच्या तशी म्हणून दाखवायची, पहिल्याने "बरोबर" म्हणायचं, आणि त्यानंतरच बटणाला हात लावायचा. पाळी बदलतानाही तेच. येणारा म्हणतो, "जबाबदारी माझ्याकडे." जाणारा म्हणतो, "बरोबर," आणि मगच घरी जायला मोकळा होतो. साहेबांची सगळी नोकरी अशा केंद्रांची सुरक्षा तपासण्यात गेली. ते निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले, पण नियम काही निवृत्त झाला नाही. बुधवार पेठेतून घरी जाताना रिक्षावाल्यालाही ते रस्ता म्हणून दाखवायला लावत. "काका, मला रस्ता माहितीये," असं एक जण फणकारला, तर साहेब म्हणाले, "तुम्हाला माहितीये हे मला कुठे माहितीये?"

घरी मात्र त्यांची डाळ शिजली नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या माईकाकू, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "अहो, मी काही तुमची कंट्रोल रूम नाही." साहेबांनी "चहा टाक" म्हटलं की चहा यायचा, उत्तम यायचा, पण "चहा टाकते" हे शब्द काही यायचे नाहीत. साहेब क्षणभर वाट बघत आणि मग पेपर उघडत. त्या क्षणभराची काकूंना फार मौज वाटायची.

माझी आणि साहेबांची ओळख झाली ती एका सरकारी कामामुळे. देशातल्या अणुकेंद्रांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारी जी नियामक संस्था आहे, तिच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. योग्य माणूस शोधायला तिघांची समिती नेमली. अध्यक्ष एक वयोवृद्ध शास्त्रज्ञ होते, पुण्यातले, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. त्यांना प्रवास जमेना, म्हणून बैठका पुण्यातल्याच एका विश्रामगृहात ठरल्या. दुसरे सदस्य मूळचे नागपूरचे पण दिल्लीत मुरलेले एक अधिकारी. तिसरे आपले साहेब. टायपिंग, फायली आणि चहापाणी बघायला आमच्या संस्थेने मला तिकडे धाडलं. मी तेव्हा सेवेची शेवटची दोन वर्षं मोजत होते आणि हे काम म्हणजे सुट्टीच, अशा समजात होते.

पहिल्याच दिवशी साहेबांनी तो समज दूर केला. अर्जांचा तक्ता मी छान आखून आणला होता: नाव, शिक्षण, अनुभव, पुरस्कार. साहेबांनी तो पाहिला आणि म्हणाले, "मोहितेबाई, आणखी एक रकाना आखा. 'काय थांबवलं?'"

"काय थांबवलं?" मी म्हटलं. मला खरोखरच प्रश्न पडला होता, पण साहेब खूश होऊन म्हणाले, "बरोबर."

मग त्यांनी समजावून सांगितलं. "अहो, वीज काढणारे हुशार लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना सगळा देश शाबासकी देतो. ही खुर्ची त्यांना 'थांबा' म्हणणाऱ्याची आहे. त्याला शाबासकी कोण देणार? तो बरोबर असला तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणून पेपरात फोटो येत नाही."

आलेल्या सगळ्या अर्जांपुढे तो रकाना कोराच राहिला. लोकांनी काय उभारलं, काय वाढवलं, काय वेळेआधी पूर्ण केलं याची वर्णनं होती. एका सद्गृहस्थांची माहिती तर चाळीस पानांची होती. शेवटी साहेबांनी मला एकेकाला फोन करून विचारायला लावलं. आता एवढ्या मोठ्या माणसांना "आपण काय थांबवलंत?" असं कसं विचारायचं? एक जण बराच वेळ विचार करून म्हणाले, "सिगारेट." दुसरे चिडले आणि म्हणाले, "मॅडम, मी चालवणारा माणूस आहे, थांबवणारा नाही." मी दोन्ही उत्तरं तशीच टाइप केली. दुसरं वाचून साहेब म्हणाले, "प्रामाणिक आहेत हो. पण मग गाडी चालवू देत, ब्रेक दुसऱ्याकडे देऊ."

त्याच सुमारास कागदांवर सह्या घ्यायला मी त्यांच्या घरी जाऊ लागले आणि काकूंनी मला कोटाची गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी ही खुर्ची साहेबांनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. साहेबही. त्यांनी लक्ष्मी रोडवरच्या शिंप्याकडून काळा बंद गळ्याचा कोट शिवून घेतला होता, पहिल्या दिवशी घालायला. नेमणूक मात्र दुसऱ्याचीच झाली. साहेबांनी एक केंद्र सुरू करायला परवानगी नाकारली होती आणि ते वरच्या कुणाला तरी झोंबलं होतं, असं काकूंचं म्हणणं. "दर दिवाळीला त्या कोटाला ऊन दाखवते," काकू म्हणाल्या. "एकदाही अंगाला लागला नाही. देऊन टाकू म्हटलं की ऐकायलाच येत नाही त्यांना."

हे मला माहीत होतं, म्हणूनच तिसऱ्या बैठकीत माझं पेन थांबलं. दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी यादी मिटली आणि म्हणाले, "एक सुचवू का? आपण उगाच बाहेर शोधतोय. योग्य माणूस इथेच बसलाय. वयाची अट शिथिल करता येते, ते माझ्याकडे लागलं." अध्यक्षांनी टाळी वाजवली. "अहो, हे मला कसं सुचलं नाही! साहेब, तुम्हीच व्हा!"

साहेबांचे कान लाल झाले होते. "उद्या सांगतो," एवढंच म्हणाले. बाहेर पडताना मी त्यांची छत्री हातात दिली तेव्हा ते हळूच म्हणाले, "मला ती खुर्ची हवी आहे, बाई. फार हवी आहे. म्हणून आज माझा मलाच भरवसा वाटत नाही." खरं सांगायचं तर त्यांनी हो म्हणावं, असंच मला मनापासून वाटत होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी कोट काढून घालून बघितला, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. "पोटाशी घट्ट होतोय का गं?" त्यांनी विचारलं. "कोट तेव्हाचा आहे, पोट आत्ताचं आहे," काकू म्हणाल्या. साहेब कोट घालूनच बराच वेळ खुर्चीत बसले. मग उठून माळ्यावरची ट्रंक काढायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते आले ते एक पिवळा पडलेला कागद घेऊन. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि सरळ सांगायला सुरुवात केली. एका केंद्रातल्या नळीच्या वेल्डिंगची तपासणी होती. त्यांच्याआधी तिघांच्या सह्या झाल्या होत्या. तिघेही जाणकार. साहेबांनी तिघांची नावं वाचली आणि चौथी सही केली. जोड स्वतः पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी शैलजा नावाची खात्यातली सगळ्यात धाकटी इंजिनिअर तिथे गेली, तिने जोड पाहिला आणि याच कागदावर साहेबांच्या सहीखाली लिहिलं, 'थांबवावे.'

"मी भयंकर चिडलो," साहेब म्हणाले. "तीन आठवडे तिच्याशी बोललो नाही. मग जोड कापून पाहिला. आत तडा होता. जन्मभर मी लोकांना थांबा म्हणत आलो. मला थांबा म्हणणारी ती एकटी. आणि मी ज्या चुकीबद्दल दुसऱ्याला घरी पाठवलं असतं, ती चूक माझ्या नावावर आहे. मला ही खुर्ची देऊ नका. तिला बोलवा."

"तिने अर्जसुद्धा केलेला नाही," दिल्लीकर म्हणाले. "शिवाय ती फार अडेल आहे, असं ऐकतो."

"अहो, आपण अडेल माणसाचीच जाहिरात दिली होती," साहेब म्हणाले. "फक्त शब्द सभ्य वापरले होते."

अध्यक्षांना हसू आवरेना. समितीला आपणहून कुणाला बोलवायची मुभा होती, ती वापरायची ठरली. तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात मी पहिल्यांदाच खरोखर थांबवलेलं काहीतरी टाइप केलं.

शैलजाबाई आल्या त्या साध्या सुती साडीत, खांद्याला कापडी पिशवी. केस पांढरे झालेले. साहेबांनी नजर न उचलता म्हटलं, "शैलजा, बस."

"बसते, सर."

"बरोबर."

दिल्लीकर या दोघांकडे बघतच राहिले. मग साहेबांनी मुलाखतीतला आपला नेहमीचा प्रश्न विचारला. बाकीचे उमेदवार या प्रश्नावर हमखास घुटमळले होते. "तुमचं चुकतंय, असं तुम्हाला शेवटचं कुणी सांगितलं?"

"आज सकाळी," शैलजाबाई म्हणाल्या. "रिक्षावाल्याने. मी त्याला चुकीचं विश्रामगृह सांगितलं होतं."

दिल्लीकरांनी घसा साफ करून विचारलं, "तुम्हाला सगळ्यांबरोबर जमवून घेता येईल?"

"सगळ्यांबरोबर येईल. सगळ्यांच्या घाईबरोबर नाही येणार."

दिल्लीकर थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. माझी खात्री झाली की हे काही आता जुळत नाही. पण शिफारशीच्या यादीवर त्यांचीच सही आधी झाली, आणि पहिलं नाव शैलजाबाईंचं होतं. पुढचे कित्येक आठवडे वरून काही कळलं नाही. साहेब रोज मला फोन करून विचारत, "काही आलं?" मी म्हणे, "काही आलं नाही." ते म्हणत, "बरोबर," आणि फोन ठेवत. स्वतःच्या नेमणुकीची वाट बघतानाही ते एवढे बेचैन झाले नसतील.

नेमणूक झाल्याचं कळलं ते ऐन उन्हाळ्यात. शैलजाबाईंनी निरोप ठेवला होता की सोमवारी सकाळी दहाला पदभार घेईन आणि लगेच सरांना फोन करीन. समितीचे उरलेले कागद परत करायचं निमित्त काढून मी साडेनवालाच साहेबांच्या घरी पोचले.

दार उघडलं काकूंनी, तोंडाला पदर लावून हसत. आत साहेब टेलिफोनशेजारी ताठ बसले होते. घाम निथळत होता. अंगात तो काळा बंद गळ्याचा कोट, पोटापाशी एक बटण उघडं, आणि खाली घरातला पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा.

"खाली पायजमा आहे म्हटलं," काकू म्हणाल्या.

"फोनवर दिसत नाही," साहेब म्हणाले.

दहाला फोन वाजला तसे साहेब उठून उभे राहिले. पलीकडचा आवाज इतका स्वच्छ होता की आम्हा दोघींनाही ऐकू आला. "सर, शैलजा बोलतेय. जबाबदारी माझ्याकडे."

आता साहेबांनी "बरोबर" म्हणायचं होतं. सगळ्या पुण्याला ऐकवलेला तो शब्द. साहेबांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. ती खुर्ची त्यांना कधी मिळालीच नव्हती, आणि ती बाई मात्र त्यांच्याकडूनच ती घेत होती. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मला रडू यायला लागलं होतं आणि पायजम्याकडे बघून हसूही येत होतं.

पलीकडून शैलजाबाई म्हणाल्या, "सर, बरोबर म्हणा ना. मला कामाला लागता येत नाहीये."

"बरोबर," साहेब म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले. मग फोन ठेवला, एकेक बटण काढलं, कोट उतरवला आणि काकूंच्या हातात दिला.

"हा देऊन टाक आता," ते म्हणाले, आणि सवयीप्रमाणे क्षणभर थांबून पेपरकडे वळले.

काकूंनी कोटाची घडी घातली, खांद्यावरची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "देऊन टाकते."

साहेबांनी वळून बघितलं. पेपर हातातच राहिला. "बरोबर" म्हणायला त्यांना या वेळी फोनपेक्षाही जास्त वेळ लागला.