दोन अक्षरांची पास्टी

माझ्या आत्याचं नाव लव्हडे. आमच्या इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरही हे नाव आता शोधून सापडत नाही. फार पूर्वी भांडणाऱ्यांना कोर्टाची पायरी न चढता समेट करायला एक दिवस ठरवून देत. त्या दिवसाला लव्हडे म्हणत आणि त्या दिवशी जन्मलेल्या मुलीचं नावही तेच ठेवत. आत्याने हे नाव नुसतं मिरवलं नाही, जन्मभर राबवलं.

दर वाढदिवसाला ती एकच पास्टी भाजायची. मांस-बटाटा भरलेली ही हातभर करंजी. कुणाची कुठली ते कळावं म्हणून आमच्याकडे तिच्या टोकाला नावाचं अक्षर काढतात. आत्या दोन्ही टोकांना अक्षरं काढायची, गावात ज्या दोघांचं वाकडं असेल त्यांची. आपापल्या टोकाकडून खायचं आणि मध्यावर येईपर्यंत मनातलं बोलून टाकायचं. बंदरातले भलेभले अडेलतट्टू मी तिच्या टेबलाशी रडताना पाहिलेत. बाई या जगातली वाटायचीच नाही मला.

एक तंटा तेवढा तिच्याने मिटेना. तिचा धाकटा भाऊ डिगरी, म्हणजे माझे बाबा, हवा बिघडलेली असताना तिच्या नवऱ्याला, जेगोला, मासेमारीला घेऊन गेले आणि एकटेच परतले. समोरासमोर घरं, पण बावीस वर्षं ती बाबांशी बोलली नव्हती.

त्या वर्षी बाबांचं हृदय हिवाळा काढणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तडक आत्याकडे गेले.

"गावाची भांडणं मिटवतेस आणि दिव्याखाली अंधार? लाज नाही वाटत?"

"पीठ मळतेय, दिसत नाही? तोंड आवर आणि बटाटे चीर."

वाढदिवशी ती पास्टी घेऊन रस्ता ओलांडून आली. बाबांकडच्या टोकाला 'ड' होता. दुसऱ्या टोकाला मी 'ल' शोधत होते. तिथे 'ज' होता.

"भांडण आधी तुझं आणि त्याचं," आत्या म्हणाली. "त्याच्या बाजूचं मी खाते. बोल."

बाबा बोलले. लाट कशी आली, जेगोचा हात कसा सुटला, सगळं. आत्या इतकी सावकाश खात होती की त्यांचं संपेपर्यंत मध्य आला नाही. मग उरलेला घास तिने त्यांच्या तोंडात घातला.

"जेगोने तुला माफ केलं. माझं काय ते पुढच्या वाढदिवसाला बघू."

हिवाळा गेला, उन्हाळाही गेला. बाबा त्या पास्टीसाठी थांबले.