जहाजावरची काळी पैठणी

मोठ्या दिरांची साठी जहाजावर करायची ठरली आणि जाऊबाईंनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कपड्यांची यादी टाकली. मुंबईहून निघायचं, तीन रात्री पाण्यावर, चौथ्या दिवशी परत. दिवसा काय घालायचं, संध्याकाळी काय, पोहायच्या तलावाशी काय, सगळं रकाने पाडून लिहिलेलं. दुसऱ्या रात्रीसमोर होतं : 'औपचारिक जेवण. बायकांनी गाऊन. रंग काळा किंवा गडद. जिन्यावर सगळ्या कुटुंबाचा फोटो.' आणि सर्वांत खाली : 'साडी शक्यतो टाळावी. जहाजावर बरी दिसत नाही.'

ही शेवटची ओळ माझ्यासाठी होती. जहाजावर आम्ही सहा बायका जाणार होतो, त्यांतल्या पाच जणी एरवीही साडी नेसत नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी जाऊबाईंच्या बंगल्याची वास्तुशांत झाली. मी तेव्हा नाशिकला इंदिरानगरात नुकतं मसाल्याचं दुकान घातलं होतं. त्याआधी बारा वर्षं घरात कांडप करून पिशव्या दारोदार विकल्या होत्या. वास्तुशांतीच्या दिवशी सकाळची गिऱ्हाइकं उरकून मी तिथे गेले. जेवणं झाल्यावर फोटोवाला आला, सगळे दिवाणखान्यात उभे राहिले, आणि माझ्या माहेरच्या विंचूरच्या माणसांसमोर जाऊबाई म्हणाल्या, "अगं, तू जरा मागे हो. तुझ्या साडीला मसाल्याचा वास येतोय."

मी मागे झाले. त्या दिवशी का झाले, ते मला अजून समजलेलं नाही. तो फोटो मोठा करून त्यांच्या भिंतीवर लावलाय. त्यात पुतण्याच्या खांद्यामागे माझं अर्धं कपाळ आणि टिकली दिसते. दर दिवाळीला फराळाची बशी हातात घेऊन मी ते अर्धं कपाळ बघते.

त्यामुळे यादी वाचून मी एवढंच ठरवलं, की जिन्यावरच्या फोटोत मी पुढे उभी राहणार. काय घालून, ते बाकी होतं.

पहिल्यांदा सरळ मार्गाने गेले. कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गाऊन बघितले. काळा, बिनबाह्यांचा, खाली घोळदार. आत जाऊन घातला तर पाठीवरची चेन माझी मला वर ओढता येईना. विक्री करणाऱ्या मुलीला बोलावलं. तिने ती ओढली. मी आरशात पाहिलं. तेवीस वर्षं पोती उचललेले माझे दंड त्या कपड्यातून बाहेर आले होते, आणि ते माझे दंड आहेत असं मला वाटेना.

"मस्त दिसताय," मुलगी म्हणाली.

"आणि जहाजावर ही चेन कोण लावणार?"

"साडीच्या मागची पिन लावायलाही कुणीतरी लागतंच ना, आजी."

भाव विचारला तर म्हणाली, फिक्स रेट आहे. एक तर आजी, त्यात फिक्स रेट. मी गाऊन उतरवून तिच्या हातात दिला आणि आवाज न चढवता दुकानाबाहेर पडले. रिक्षात बसल्यावर मात्र चढवला.

घरी हे पेपर वाचत बसले होते. हे एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. कुणी कितीही चिडलेलं असलं तरी ते आधी तिकीट फाडणार, मग ऐकणार, अशा शांतपणे बघतात.

"ती यादी परत वाचा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा चढवून सगळी वाचली. "साडी टाळावी असं लिहिलंय."

"शक्यतो लिहिलंय. मिरचीवाला जेव्हा म्हणतो ना, शक्यतो यापेक्षा कमी होणार नाही, तेव्हा मी पोत्यावर बसून घेते. मला कळतं, की होणार आहे."

"मग नेस साडी. पण काळी?" ते म्हणाले. "साठीच्या समारंभात काळं?"

इथे मला सुचलं. आमच्याकडे लग्नात काळं नाही, बारशात नाही, ओटीभरणाला नाही. काळी साडी निघते ती संक्रांतीला, त्यातही नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हौसेने घेतात. संक्रांत उलटली की तिच्याकडे वर्षभर कुणी ढुंकून बघत नाही. तेव्हा फेब्रुवारी चालू होता. आणि या साठीत काळं चालेल हे खुद्द जाऊबाईंनी सर्वांच्या समोर लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी येवल्याची एसटी पकडली.

मोठ्या दुकानांत मी गेलेच नाही. पाटीच्या दुकानात पाटीचेही पैसे पडतात. एका गल्लीत मागाचा आवाज येत होता, तिथे शिरले. पुढच्या खोलीत विणकराची आई बसली होती, सत्तरीची, पाय पसरून. मुलगा आत मागावर. मी लाल बघितली, पोपटी बघितली, राणी रंगाची बघितली. प्रत्येक साडीचा पदर उलटा करून पाहिला. हातमागावरच्या खऱ्या पैठणीच्या पदरावरची नक्षी मागून-पुढून सारखीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. सगळ्या खऱ्या होत्या. मला हवी होती ती कपाटाच्या तळाशी दिसत होती, पण तिच्याकडे मी बोट दाखवलं नाही. हवी ती वस्तू आधी मागितली की तिचा भाव वाढतो.

उठताना म्हटलं, "ती काळी कुणाची राहिली?"

म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं. "नाशिकच्या एकीनं सांगितली व्हती, सुनेच्या संक्रांतीला. मग म्हनली, सून ड्रेसच घालती."

तिने ती उघडली. काळी कुळकुळीत, लाल काठ, अंगभर जरीच्या बारीक बुट्ट्या आणि पदरावर चार मोर. मी तिचाही पदर उलटा करून पाहिला, पण चेहरा मिरची बघतानाचाच ठेवला.

"आता हिला पुढच्या संक्रांतीपर्यंत कोण विचारतंय," मी म्हटलं. "दहा महिने घडीत पडली तर घडीवर जरीची तार तुटेल."

"तुमच्या मिरचीला कीड लागती बाई, आमच्या जरीला नाय."

मी चमकले. मिरचीचं मी काही बोलले नव्हते. म्हातारी हसली. "हाताला रंग हाय तुमच्या. नखं बघा."

त्यानंतर दोन तास गेले. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले, एकदा तर चप्पलही घातली. तिने तीनदा साडी घडी करून कपाटात ठेवली. मी म्हटलं, काळा रंग. ती म्हणाली, सात महिने माझं पोर वाकलं हाय हिच्यावर, त्याला काळा-पांढरा काय कळतंय. पोतं उचलणाऱ्याच्या कंबरेवर घासाघीस करायची नाही, हा माझा जुना नियम आहे. मी माझा आकडा वर नेला. तिने तिचा थोडा खाली आणला, आणि मधलं अंतर उरलं त्यावर आम्ही दोघी अडून बसलो.

शेवटी तीच म्हणाली, "मसाला चांगला करता का?"

"जिल्ह्यात माझ्यासारखा कुणाचा नाही."

"मग उरल्याचा मसाला द्या. कांदा-लसनाचा. दर उन्हाळ्यात, मी हाय तवर."

आतून मागाचा आवाज थांबला. मुलगा दारात आला आणि म्हणाला, "बाई, हिची आई पंच्याण्णव वर्षं जगली. विचार करून हो म्हना."

मी हो म्हटलं. येताना एसटीत साडी मांडीवर घेऊन बसले, वरच्या फळीवर ठेवली नाही.

घरी आल्यावर एक गोष्ट केली ती सांगायला लाज वाटते, तरी सांगते. आमचं घर दुकानाच्या वर आहे. जिन्यापासून माजघरापर्यंत धने, जिरं, मिरची यांचा वास भरलेला असतो, आम्हाला तो येतसुद्धा नाही. मी साडी मलमलच्या कापडात गुंडाळली आणि शेजारणीच्या कपाटात ठेवायला निघाले. अर्ध्या जिन्यावर थांबले. ज्या वासावर मुलांची शिक्षणं झाली, हे दुकान झालं, त्या वासापासून साडी लपवायला मी शेजारी चालले होते. कुणाच्या भीतीने? परत फिरले. साडी माझ्याच कपाटात ठेवली.

बाकीची बांधाबांध अर्ध्या दिवसात झाली. दिवसासाठी तीन सुती पंजाबी ड्रेस. एसीत थंडी वाजते म्हणून शाल. पाण्यावर फरशी हलते असं ऐकलं होतं म्हणून टाच नसलेल्या चपला. कोपरापर्यंत बाह्यांचा लाल ब्लाउज, नवा परकर, डझनभर सेफ्टी पिना. एक बॅग आणि साडीची पिशवी. हे म्हणाले, "पिशवी हातातून सोडायची नाही. सामान आणि लहान मूल, दोन्ही नजरेसमोर." छत्तीस वर्षं लोकांचं हरवलेलं सामान ऐकून घेतलेला माणूस तो.

जाऊबाईंच्या चार बॅगा होत्या. धक्क्यावर त्या तपासणीच्या यंत्रातून गेल्या आणि एक परत आली. गणवेशातल्या माणसाने ती उघडून इस्त्री बाहेर काढली. जहाजावर इस्त्री चालत नाही, आग लागायची भीती असते.

"अहो, चांगल्या कंपनीची आहे," जाऊबाई म्हणाल्या.

"उतरताना परत मिळेल, मॅडम."

कपड्यांचे रकाने पाडणाऱ्या बाईने हा नियम वाचला नव्हता. घरात इस्त्री केल्याशिवाय त्या रुमालही वापरत नाहीत, त्यामुळे इस्त्री कुठे चालत नसेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नसणार. मी समुद्राकडे बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या केबिनचं दार वाजलं. जाऊबाई होत्या. हातावर जांभळट साटिनचा गाऊन, चुरगाळून उन्हात वाळलेल्या पापडासारखा झालेला.

"तुझ्याकडे इस्त्री आहे का गं? इथले लोक उद्या देतो म्हणतात."

"नाही. मला लागत नाही."

पलंगावर पैठणी उघडून ठेवली होती. त्यांची नजर तिच्यावर गेली आणि तिथेच राहिली. "साडी नको लिहिलं होतं ना मी."

"शक्यतो नको लिहिलं होतं."

त्या पुढे आल्या. पदराचं टोक उचलून त्यांनी उलटं केलं, मागून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. त्यांनाही कळतं त्यातलं. "खरी आहे," त्या हळूच म्हणाल्या.

मग मी म्हटलं, "ताई, गाऊनच्या चुण्या जायला एक उपाय आहे. सांगते. पण आज फोटोला मी पुढे उभी राहणार."

"त्यात काय सांगायचं? राहा की."

"वास्तुशांतीला मला मागे केलं होतं तुम्ही."

त्या गोंधळल्या. "कधी?"

मी सगळं सांगितलं. वास, माहेरची माणसं, भिंतीवरचं अर्धं कपाळ. त्या पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होत्या. "मला खरंच आठवत नाही गं," म्हणाल्या.

मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. पण त्यांचा चेहरा पडला होता. बोलून मीही मोकळी झाले होते, आणि फोटोला पाऊण तास उरला होता. मी त्यांचा गाऊन न्हाणीघरात हँगरला टांगला, कढत पाण्याचा नळ सोडला आणि दार लावून घेतलं. वाफेने चुण्या पुष्कळशा गेल्या. दुकानाच्या सुरुवातीला माझ्याकडेही इस्त्री नव्हती.

निघताना त्यांनी मागे वळून विचारलं, "पिन लावू का पदराला?"

"लावा," मी म्हटलं.

जिना रुंद होता, दोन्ही बाजूंनी खाली उतरणारा, पितळी कठड्यांचा. आमचे लोक सगळे काळ्या-करड्या कपड्यांत, एकात एक मिसळून गेलेले. इतर प्रवासीही तसेच. मी वरून उतरायला लागले तेव्हा खालच्या तीन-चार बायका बोलायच्या थांबल्या. एक गुजराती बाई मधेच येऊन पदराला हात लावून गेली, विचारलंसुद्धा नाही. एवढ्या काळ्यात माझंच काळं चमकत होतं.

मोठे दीर मधल्या पायरीवर उभे होते. मी पुढच्या पायरीशी पोहोचायच्या आतच फोटोवाल्याने हात केला. "मॅडम, मोरवाली साडी, आप बीच में आइए." जाऊबाईंना त्याने एक पाऊल डावीकडे सरकवलं. त्या सरकल्या. मी मधे उभी राहिले, पदर पुढे घेतला, चारही मोर दिसतील असा. माझ्या खांद्यामागे कोण झाकलं गेलं ते मी बघितलं नाही.

दिव्याचा लखलखाट झाला. लोक हलायला लागले, जेवणाची वेळ झाली होती. हे खालून म्हणाले, "उतर आता. झाला फोटो."

"थांबा," मी म्हटलं. "त्याला म्हणावं अजून एक काढ."